फेडरल, पॅरेंट प्लस की खासगी? अमेरिकेतल्या कॉलेजसाठी कर्ज कोणत्या क्रमाने घ्यावं

मैत्रेयी_प
मुलगी अमेरिकन नागरिक आहे, आता पहिलं वर्ष. कॉलेजच्या पत्रात ‘एकूण मदत’ असा मोठा आकडा आहे, पण ग्रँट (परत न करायची मदत), वर्क-स्टडी आणि कर्ज त्यात एकत्रच धरलंय. उरलेल्या रकमेला पॅरेंट प्लस, म्हणजे पालकांच्या नावावरचं सरकारी कर्ज, सुचवलंय. खरा खर्च किती समजायचा? आणि शिक्षण चालू असताना व्याज भरत राहावं का?

वहीखातं
एकूण खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा. जे उरेल तो तुमचा खर्च. कर्ज ही मदत नव्हे. वर्क-स्टडीसुद्धा वजा करू नका, कारण ते पैसे काम केल्यावर पगार म्हणून मिळतात. सुरुवातीच्या बिलात ते कामाला येत नाहीत.

आधी मुलीच्या नावावरचं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज घ्या. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दर वर्षी ७,५०० मिळतात; म्हणजे चार वर्षांत २७,०००. पहिल्या वर्षीच्या ५,५०० पैकी जास्तीत जास्त ३,५०० सबसिडाइज्ड असू शकतात. त्यांचं व्याज शिक्षण चालू असताना आणि नंतरचे सहा महिने सरकार भरतं. अनसबसिडाइज्डचं व्याज मात्र पैसे कॉलेजकडे गेल्या दिवसापासून चढतं.

आणि एक. फाफ्सात, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जात, दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात, २०२६-२७साठी २०२४चं. त्यानंतर नोकरी गेली असेल किंवा उत्पन्न घटलं असेल, तर फायनान्शियल एड ऑफिसला कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करा. बरेच पालक हे करतच नाहीत, आणि हक्काची ग्रँट हातची जाते.

दमडी_दमडी
पॅरेंट प्लसवर सही करण्याआधी हिशेब मांडा. २०२५-२६मध्ये व्याजदर ८.९४ टक्के आणि शुल्क ४.२२८ टक्के आहे. विद्यार्थ्याच्या कर्जाला हेच ६.३९ आणि १.०५७. म्हणजे २०,००० डॉलरचं प्लस घेतलं तर कॉलेजच्या खात्यात १९,१५४च पोहोचतात, व्याज मात्र पूर्ण २०,०००वर. दहा वर्षांचा हप्ता महिना सुमारे २५३ डॉलर, आणि हा फक्त एका वर्षाच्या कर्जाचा. १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना प्लसची मर्यादा एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० आहे. पूर्ण ६५,००० याच दराने घेतले तर हप्ता ८२०च्या वर जातो.

हे कर्ज कायद्याने पालकांचं. मुलगी नोकरीला लागली तरी फेडरल व्यवस्थेत ते तिच्या नावावर करता येत नाही. पालकांच्या खराब क्रेडिटमुळे (कर्जफेडीच्या इतिहासामुळे) प्लस नाकारलं गेलं, तर मुलीची अनसबसिडाइज्ड मर्यादा पहिल्या दोन वर्षांत ४,०००ने वाढते.

मैत्रेयी_प
आभार. व्याजाचं कसं करावं? खासगी बँकेचा दर थोडा कमी दिसतोय.

वहीखातं
जुलै २०२३पासून ग्रेस (शिक्षणानंतरचे हप्ता नसलेले सहा महिने) संपताना साठलेलं व्याज फेडरल डायरेक्ट कर्जाच्या मुद्दलात मिळवत नाहीत. त्यामुळे त्या काळात व्याजावर व्याज लागत नाही. हातात ५०० डॉलर असतील तर ते व्याजात भरण्यापेक्षा पुढचं कर्ज ५००ने कमी घ्या. गरजेपेक्षा जास्त कर्ज आलंच असेल, तर १२० दिवसांच्या आत परत करा. तेवढ्या भागाचं शुल्क आणि व्याज रद्द होतं.

खासगी कर्जात साठलेलं व्याज बहुधा मुद्दलात जातं, तिथे दर महिन्याला भरलेलंच बरं. दर स्थिर आहे की बदलता, हे करारात बघा. उत्पन्नानुसार हप्ता, माफी वगैरे फेडरल सवलती तिथे नसतात. पुढे फेडरल कर्ज खासगीत बदललंत तर परतीचा रस्ता नाही.

दमडी_दमडी
हप्ते सुरू झाल्यावर जादा पैसे भरताना सर्व्हिसरला (हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला) लेखी कळवा: रक्कम सर्वांत जास्त दराच्या कर्जाला लावा आणि पुढची तारीख सरकवू नका. नाहीतर ‘पुढचा हप्ता शून्य’ असं दिसतं, आपण तो महिना भरत नाही आणि व्याज रोज चढतच राहतं.