हयातीचा दाखला: ओटीपी येत नाही, ३० तारीख जवळ आली

प्रेषक: विजया, एडिसन
बुधवार, १२ नोव्हेंबर

मंडळींनो,

पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा जो दाखला द्यावा लागतो, त्या ह्यांच्या दाखल्याचा ओटीपी यंदा येतच नाहीये. मोहनरावांनी मागच्या नोव्हेंबरात लायब्ररीत सगळ्यांचे करून दिले होते, त्याच पायऱ्या केल्या. ॲप उघडतं, नंबर घालते आणि तिथेच गाडी अडते. चिरंजीवांनी नवा आयफोन दिलाय, त्यात भारतातलं सिम घालायला खाचच नाही. जुन्या फोनमध्ये सिम आहे, पण त्यावर रेंजची एक काडी दिसत नाही. रिचार्ज भाऊ नाशिकहून करतो, म्हणजे नंबर चालू आहे.

ह्यांचं खुब्याचं ऑपरेशन तुम्हाला माहीतच आहे. वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत फिरतात. न्यूयॉर्कला भारताच्या वाणिज्य दूतावासात नेणं आत्ता शक्य नाही. दाखला गेला नाही तर डिसेंबरची पेन्शन थांबेल. ह्यांना पोस्टातल्या नोकरीची ती पेन्शन हातात येणं फार महत्त्वाचं वाटतं, रक्कम कितीही असो. कोणाला उपाय माहीत असेल तर आजच सांगा.

विजया

---

प्रेषक: मोहन, पिस्कॅटवे
बुधवार, १२ नोव्हेंबर

विजयाताई,

दोन्ही फोनांची कारणं वेगळी आहेत. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा ट्रेच नसतो, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच साठवलेलं सिम, चालतं. तुमचा जुना फोन ३जी वरचा असणार. इथल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्येच ३जी बंद केलं, त्यामुळे सिम जिवंत असूनही त्याला पकडायला टॉवर नाही.

तेच सिम ४जी चालणाऱ्या, सिमची खाच असलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये घाला. तो कंपनी-लॉक, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला, नसावा, एवढं आधी बघा. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. नाशिकच्या भावाला सांगून त्या नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू आहे ना, याची खात्री करून घ्या. माझ्या नंबरावर इथे आलेल्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. सिम जागं झालं की मग त्याचं ई-सिम करून नव्या फोनवर नेता येईल. आधी नाही, कारण त्याची विनंती त्याच नंबरावरून एसएमएसने करावी लागते.

चेहऱ्याच्या स्कॅनला काकांना खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा आणि सांगितल्यावर डोळे मिटून उघडायला सांगा. पाठीमागून उजेड आला की ते नाकारलं जातं.

मोहन

---

प्रेषक: अरविंद, ईस्ट ब्रन्सविक
गुरुवार, १३ नोव्हेंबर

> ओटीपी येतच नाहीये

ओटीपीच्या मागे लागायची गरजच नाही! हे मी दर वर्षी लिहितो. मी लेखा खात्यात उभा जन्म काढलाय, म्हणून नियम सांगतो.

केंद्र सरकारचा पेन्शनर परदेशात राहत असेल, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने दाखला बँकेत आणून दिला आणि त्यावर मॅजिस्ट्रेट, नोटरी, बँकर किंवा भारताचा राजनैतिक प्रतिनिधी यांपैकी एकाची सही असली, तर पेन्शनरने जातीने हजर राहायचं कारण नाही. ज्या बँकेतून पेन्शन मिळते ती रिझर्व्ह बँक कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतली असेल तर तिच्या अधिकाऱ्याची सहीसुद्धा चालते. जीवन प्रमाण, म्हणजे तुमच्या ॲपवरचा हा ऑनलाइन दाखला, २०१४ साली आलं, चेहऱ्याचं स्कॅन २०२१ साली. कागद त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि रद्द झालेला नाही.

विजयाताई, नोटरी घरी बोलवा. न्यू जर्सीत नोटरीची ठरलेली फी अडीच डॉलर आहे, घरी येणारे जाण्यायेण्याचे वेगळे घेतात. कागद कुरियरने भावाकडे, भाऊ शाखेत. विषय संपला.

अरविंद

---

प्रेषक: शैला, आयझलिन
गुरुवार, १३ नोव्हेंबर

अरविंदकाका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून लिहिते, विषय असा संपत नाही. मी तुमचंच ऐकून नोटरीची सही घेतली होती. पुतण्या कागद घेऊन शाखेत गेला, तर काउंटरवरच्या मुलीने परत दिला. "दूतावासाचा शिक्का आणा." पुतण्या तरी किती वाद घालणार? त्याला नोकरी आहे. शेवटी मीच मेट्रोपार्कहून गाडी पकडून न्यूयॉर्कला ६४व्या रस्त्यावरच्या वाणिज्य दूतावासात गेले आणि शिक्का घेऊन आले. शिक्का बघितल्यावर मात्र कोणी एक शब्द बोललं नाही.

नियम पुस्तकात असतो, काउंटरवर माणूस असतो. विजयाताईंनी थेट वाणिज्य दूतावासाचाच मार्ग धरावा.

शैला

---

प्रेषक: अरविंद, ईस्ट ब्रन्सविक
गुरुवार, १३ नोव्हेंबर

> विषय असा संपत नाही

शैलाताई, तुम्ही राज्य सरकारच्या शाळेतून निवृत्त झालात. तुमची यादी कोषागारातून बँकेत जाते. मुंबईकरांची अधिदान व लेखा कार्यालयातून. विजयाताईंचे यजमान केंद्राचे. दोन्ही पेन्शनी नोव्हेंबरातच दाखला मागतात म्हणून लोक सगळं एकाच पिशवीत टाकतात. ज्यांची भविष्य निर्वाह निधीची ईपीएस-९५ पेन्शन आहे, त्यांची तर नोव्हेंबरची अटच नाही. त्यांचा दाखला दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो. तरी आपल्यातले निम्मे ईपीएसवाले उगाच नोव्हेंबरात धावपळ करतात.

आणि शाखेने तोंडी नाही म्हटलं तर तोंडी ऐकायचं नाही. कागद स्वीकारत नाही, हे लेखी मागायचं. लेखी मागितलं की बहुतेक वेळा साहेब बाहेर येतात. शिवाय पुतण्याला अधिकारपत्र दिलं होतंत का? नियमात "अधिकृत प्रतिनिधी" आहे. नुसता पुतण्या असून भागत नाही.

अरविंद

---

प्रेषक: शैला, आयझलिन
गुरुवार, १३ नोव्हेंबर

अधिकारपत्र दिलं नव्हतं. पण त्यांनी ते मागितलंही नाही, शिक्काच मागितला.

---

प्रेषक: प्रकाश, मॉनमाउथ जंक्शन
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नमस्कार,

बँकेत होतो म्हणून एक गोष्ट सुटी करून सांगतो. बँकेचा ओटीपी आणि आधारचा ओटीपी या वेगळ्या गोष्टी आहेत. अनिवासी खात्यांना बऱ्याच बँका परदेशी मोबाइल नंबर किंवा ईमेल घेतात. आधारला मात्र भारतातलाच नंबर लागतो. तो बदलायचा तर आत्तापर्यंत भारतात केंद्रावर जावं लागायचं. स्टेट बँकेने २०२१ मध्ये व्हिडिओवरून दाखला द्यायची सोय काढली, पण तिथेही पहिली पायरी आधारच्या नंबरावरचा ओटीपीच आहे. म्हणून ते सिम सांभाळणं हेच खरं काम आहे, बाकी सगळं त्याच्या पुढचं.

जाता जाता: ग्रीन कार्डवर आलेल्या कितीजणांनी भारतातलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं, केलंय? इथे कायम राहायला आल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. पेन्शन एनआरओमध्ये व्यवस्थित जमा होते. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. पेन्शन आणि मुदत ठेवी मिळून ती सहज जाते.

प्रकाश

---

प्रेषक: दिलीप, जर्सी सिटी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

> ते सिम सांभाळणं हेच खरं काम आहे

अगदी खरं. माझ्या मोठ्या भावाचं सिम टोरांटोला गेल्यावर ड्रॉवरमध्ये राहिलं. ९० दिवस वापर नसला की कंपनी नंबर बंद करू शकते. बंद झाल्यावर आणखी ९० दिवसांनी तो दुसऱ्याला देता येतो. भावाचा नंबर असाच जळगावच्या एका शेतकऱ्याकडे गेला. तो माणूस इतका सज्जन, की बँकेचे मेसेज त्याला यायला लागले तेव्हा त्याने शाखेत जाऊन सांगितलं. त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर? भावाला भारतात जाऊन आधार, बँक, पॅन, सगळीकडे नंबर बदलावा लागला. गुडघे दुखत असताना त्या रांगा.

ज्यांची मुलं रिचार्ज करतात त्यांनी मुलांच्या भरवशावर राहू नका. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

दिलीप

---

प्रेषक: नितीन, कार्यकारिणी
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार. दर वर्षी नोव्हेंबरात हीच चर्चा होते, म्हणून सुचवतो. वाणिज्य दूतावासाला मंडळाच्या लेटरहेडवर पत्र लिहून आपल्या भागात एक दिवस अधिकारी येतील का, ते विचारू. मात्र पत्र कार्यकारिणीतर्फेच जाईल. दोन-तीन गटांनी वेगवेगळी पत्रं पाठवली तर तिकडे गोंधळ होतो. ज्येष्ठ गटाने नावांची यादी माझ्याकडे द्यावी.

नितीन

---

प्रेषक: मीनाकाकू, एडिसन
शनिवार, १५ नोव्हेंबर

> पत्र कार्यकारिणीतर्फेच जाईल

नितीन, पत्र तू जरूर लिही, पण यादी ज्येष्ठ गटाकडे राहील. कोणाला व्हीलचेअर लागते, कोणाचं डायलिसिस कोणत्या वारी असतं, कोण एकटं राहतं, हे आम्हाला माहीत आहे. लायब्ररीतला कार्यक्रम ज्येष्ठ गटाने जमवला होता, खुर्च्या लावण्यापासून. तेव्हा कार्यकारिणी दिवाळी पहाटेचा हिशोब करण्यात गुंतली होती. रागावून लिहीत नाही. ज्यांचं काम त्यांना विचारून व्हावं, इतकंच.

आणि पत्र आजच गेलं तरी यंदाच्या तारखेला ते उपयोगी पडेल का? २७ ला थँक्सगिव्हिंग. विजयाचं काम आत्ताचं आहे.

मीनाकाकू

---

प्रेषक: नितीन, कार्यकारिणी
शनिवार, १५ नोव्हेंबर

मान्य आहे, काकू. यादी तुमच्याकडेच राहू दे. पत्राचा मसुदा तुम्हाला आधी पाठवतो. पुढच्या वर्षी ऑक्टोबरसाठी मागू. ८० वर्षांपुढच्या केंद्राच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांचं आधी होऊन जाईल.

---

प्रेषक: अरविंद, ईस्ट ब्रन्सविक
शनिवार, १५ नोव्हेंबर

नितीनने ८० वर्षांचा मुद्दा बरोबर सांगितला. मी ८२ चा आहे, माझा ऑक्टोबरातच गेला.

विजयाताई, शैलाताईंचा अनुभव लक्षात घेऊन आणखी एक वाट सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा प्रवास न करू शकणाऱ्या पेन्शनरला वाणिज्य दूतावासाकडे टपालानेही अर्ज करता येतो. सोबत कागदपत्रं आणि पेन्शनर येऊ शकत नाही असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. सर्जनच्या ऑफिसातून ते पत्र आजच मागून ठेवा. नोटरीचा कागदही करा. जे आधी पोचेल ते.

तारखांचं गणित: ३० ला रविवार. २२ ला चौथा शनिवार, बँक बंद. २९ ला पाचवा शनिवार, बँक चालू. म्हणजे शेवटचा दिवस २९.

अरविंद

---

प्रेषक: विजया, एडिसन
रविवार, १६ नोव्हेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार.

शुक्रवारी रात्री साडेअकराला, म्हणजे तिकडे शनिवारी शाखा उघडल्या उघडल्या, फोन केला. घड्याळं मागे गेल्यापासून साडेदहा तासांचा फरक आहे, त्यामुळे त्यांची वेळ गाठायची तर झोप सोडावी लागते. साहेबांशी बोलणं झालं. नोटरीचा कागद भावाच्या अधिकारपत्रासह चालेल म्हणाले. अरविंदकाका, तुम्ही सांगितलंत म्हणून ते ईमेलवर लिहून द्या म्हटलं, आणि त्यांनी दिलं. शैलाताई, ईमेल तुम्हालाही पाठवला आहे. तुमची शाखा वेगळी असली तरी दाखवायला होईल.

सर्जनकडचं पत्र उद्या मिळेल. नोटरी मंगळवारी संध्याकाळी घरी येतो म्हणालाय. प्रश्न एवढाच की ह्यांची सही हलते. पीपीओवरच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरच्या, सहीशी जुळेल असं वाटत नाही. कोणाला असं झालंय का?

आणि मोहनराव, ४जी चा सिमची खाच असलेला फोन घरात नाही. सुनेचा आहे, पण तो कंपनी-लॉक आहे.

विजया

---

प्रेषक: शैला, आयझलिन
रविवार, १६ नोव्हेंबर

ईमेल मिळाला, जपून ठेवते.

सहीचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंचा अंगठा घ्यायचो. पण तो आत्ता नोटरीसमोर घ्या, आधी घेऊन ठेवू नका. सही करता येत असेल तर सहीच करू दे त्यांना, हळूहळू, टेबलावर हात टेकवून. नोटरीला पासपोर्ट दाखवा. सही जुळण्यापेक्षा माणूस समोर बसलाय हे त्याला महत्त्वाचं असतं.

शैला

---

प्रेषक: मोहन, पिस्कॅटवे
रविवार, १६ नोव्हेंबर

विजयाताई, माझ्याकडे एक अनलॉक केलेला अँड्रॉइड पडून आहे. मंगळवारी नोटरी येण्याआधी, चारपर्यंत घेऊन येतो. सिम चाललं तर स्कॅन तिथेच करू, उजेड असतानाच. कागदही जाऊ दे, दोन्ही जाऊ देत. काकांचं आधार कार्ड, पीपीओ नंबर आणि खात्याचा नंबर टेबलावर काढून ठेवा.

दिलीप, तुम्ही येणार असाल तर मेट्रोपार्कला साडेतीनला थांबतो. भावाच्या फोनचं काय केलंत ते मला नीट समजून घ्यायचंय.

मोहन

---

प्रेषक: दिलीप, जर्सी सिटी
सोमवार, १७ नोव्हेंबर

येतो. साडेतीन. मीनाकाकूंनाही घेऊ या वाटेत, त्यांना यादीसाठी काकांची माहिती हवी आहे.