मदत हवी आहे: लॅपटॉपला राउटरकडून आयपी मिळत नाही

नमस्कार मंडळी. घरच्या वायफायवर मोबाइल, टीव्ही नीट चालतात, पण लॅपटॉपला अधूनमधून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि इंटरनेट बंद. डीएचसीपीकडून (राउटरमधली आपोआप पत्ते वाटणारी सेवा) उत्तर आलं नाही म्हणून विंडोजने स्वतःच पत्ता घेतला, एवढं समजतं. उत्तर का येत नाही, तिथे अडलोय.

रचना अशी: फायबरचा मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर. त्याच्या लॅन पोर्टमधून केबलने दुसरा राउटर जोडलाय, फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं साधन) म्हणून. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद. मुख्य राउटर १०० ते १४९ हे पत्ते वाटतो, लीज (पत्ता वापरायची मुदत) २४ तासांची. यादीत बरेच पत्ते रिकामे दिसतात, त्यामुळे पत्ते संपले असतील असं वाटत नाही.

लॅपटॉपवर १९२.१६८.१.५० हाताने टाकला की सगळं सुरळीत! केबल लावली तरी पत्ता लगेच मिळतो. अडचण फक्त दुसऱ्या राउटरच्या वायफायवर, तीही लॅपटॉपलाच. रिलीज-रिन्यू (पत्ता सोडून पुन्हा मागणं), ड्रायव्हर अपडेट, दोन्ही राउटर रीस्टार्ट करून झालं.

अ‍ॅक्सेस पॉइंट ब्रॉडकास्ट (नेटवर्कवर सगळ्यांना एकदम जाणारे संदेश, पत्त्याची मागणीही तशीच जाते) अडवत असेल का? ते कुठे तपासायचं? लॅपटॉप बाहेरही न्यावा लागतो, म्हणून कायमचा स्टॅटिक (हाताने टाकलेला) पत्ता नको आहे. रोजचं काम याच्यावरच आहे, कृपया सुचवा.