मदत हवी आहे: आठवडाभर तोंड आवरलं, तरी काट्यावर अर्धा किलो जास्त!

नाशिकची_सावली

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तो वैतागून.

वय ४१, उंची १५७ सेंमी, बँकेत काउंटरवर बसून काम. सात आठवड्यांपूर्वी वजन ७४.६ होतं. तेव्हापासून साखर बंद (चहातलीसुद्धा), रात्री एकच भाकरी, दुपारी डबा मोजून आणि सकाळी ४५ मिनिटं चालणं. रोज सकाळी वजन करून वहीत लिहिते. गेल्या दोन आठवड्यांचे आकडे, सोमवार ते रविवार:

पहिला: ७२.१, ७१.८, ७२.४, ७१.६, ७१.९, ७१.५, ७१.७
दुसरा: ७२.९, ७३.१, ७२.६, ७२.२, ७२.३, ७२.०, ७१.९

मधल्या रविवारी दुपारी नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता. मसालेभात, अळूवडी, पापड, लोणचं आणि तीन जिलब्या. होय, तीन. सोमवारी सकाळी १.२ किलो वाढ! मंगळवारी आणखी. मग जिमवाल्या सरांना विचारलं (साखरपुड्याच्या आधीच्या शुक्रवारपासून तिथे वजनं उचलायला सुरुवात केली आहे). ते म्हणाले, "मॅडम, सगळं पाण्यात गेलं, आता रात्रीचं जेवण पूर्ण बंद करा," आणि एक पावडरचा डबाही पुढे सरकवला. डबा घेतला नाही, पण रात्रीचं जेवण दोन दिवस बंद केलं. ताक आणि काकडी. तिसऱ्या दिवशी काउंटरवर डोकं इतकं ठणकलं की एका काकांना पाचशेऐवजी पन्नासच्या नोटा मोजून दिल्या.

बाकीचा आठवडाही तोंडाला कुलूप होतं. तरी त्या शनिवारी ७१.५ आणि या शनिवारी ७२.०. हे कसं? तीन जिलब्यांची इतकी शिक्षा? की माझं शरीरच काही वेगळं आहे? थायरॉइडची तपासणी मार्चमध्ये केली होती, नॉर्मल आहे.

---

गवती_चहा

मी वर्षभरापूर्वी काटा भंगारवाल्याला दिला. जीन्सचं बटण लागतंय का बघायचं, बास. सुखात आहे.

---

मास्तर_निवृत्त

सावलीताई, गणिताचा मास्तर होतो, म्हणून आधी गणित.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रविवार सकाळ ते मंगळवार सकाळ तुमची वाढ १.४ किलो. ही सगळी चरबी असती, तर तुम्ही त्या दोन दिवसांत गरजेपेक्षा १०,७८० कॅलरी जास्त खायला हव्या होत्या. एका जिलबीच्या दीडशे धरल्या तर बहात्तर जिलब्या झाल्या, आणि त्याही रोजचं जेवण जेवून वर. तुम्ही तीन खाल्ल्या. उरलेल्या एकोणसत्तर कुणी खाल्ल्या ते नणंदेला विचारा.

म्हणजे वाढलं ते वजन होतं, चरबी नव्हती. काटा तुमची चरबी मोजत नाही. पोटातलं अन्न, आतड्यातला मळ, मूत्राशय, रक्त, पाणी, अंगावरचं मंगळसूत्र, सगळ्याची बेरीज एका आकड्यात सांगतो.

---

नाशिकची_सावली

हसले खूप, धन्यवाद. पण मग ते आहे काय? दीड किलो अन्न दोन दिवस पोटात राहतं का?

---

कडुनिंब

थोडं राहतं. जेवण बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागू शकतात. पण मुख्य भानगड पाण्याची आहे. मी डॉक्टर आहे, पण इथे तुम्हाला तपासलेलं नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

पहिलं मीठ. पापड, लोणचं, मसालेभात म्हणजे एका बैठकीत रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ. (जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा. आपल्याकडच्या कार्यातल्या पंगतीत तो केव्हाच संपतो.) रक्तातलं मिठाचं प्रमाण बिघडू नये म्हणून शरीर पाणी धरून ठेवतं आणि मूत्रपिंडं जास्तीचं मीठ एक-दोन दिवसांत हळूहळू बाहेर काढतात. त्या रात्री तहान जास्त लागली होती का, आठवा.

दुसरं, आणि डाएट करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही: भात-पोळी-साखरेतली ऊर्जा शरीर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं. सगळं मिळून साधारण अर्धा किलो. पण एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणीही साठतं. तुम्ही सात आठवडे कमी खाताय, म्हणजे ही कोठारं अर्धवट रिकामी होती. मसालेभात आणि जिलबी गेली, कोठारं भरली, पाणी आत आलं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात वजन झपकन उतरतं ना, ते याच्या उलट. तेव्हा आपण पेढे वाटतो. तीसुद्धा बरीचशी पाण्याचीच घट असते.

तिसरं तुम्ही कंसात लिहून पुढे गेलात: शुक्रवारपासून वजनं उचलताय. मांड्या दुखल्या असतील. नव्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुरुस्तीसाठी तिथे पाणी जमतं. ठणका दोन-तीन दिवस राहतो. ही सूज चांगल्या कामाची आहे, पण काट्याला ते कळत नाही.

चौथं विचारू का? पाळी कधी आली?

---

नाशिकची_सावली

अय्या. गुरुवारी. याच आठवड्यात. मांड्यांचं म्हणाल तर शनिवार-रविवार जिना उलटा उतरत होते.

---

कडुनिंब

मग सगळंच एकत्र आलं. पाळीच्या आधीचे काही दिवस अनेकींच्या अंगात पाणी राहतं. कुणाला अर्धा किलो, कुणाला दीड-दोन, कुणाला काहीच नाही. पाळी सुरू झाली की ते उतरतं. म्हणून बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करूच नये. मागच्या पाळीच्या आठवड्याशी करावी. सात आठवड्यांची वही आहे ना? उघडा.

---

तालीमकर

आमच्या कोल्हापुरात पोरं कुस्तीच्या वजनकाट्याच्या आदल्या दिवशी दोन-दोन स्वेटर घालून पळतात, पाण्याचा घोट घेत नाहीत, आणि काटा झाला की तासाभरात तीन किलो परत आणतात. लहानपणी मीपण केलंय, शहाणपण नव्हतं ते. चक्कर येऊन हौद्यात पडलेली पोरं बघितली आहेत.

२०२४ ला पॅरिसला अमन सेहरावतचं उपांत्य कुस्तीनंतर वजन ६१.५ भरलं होतं, गट ५७ चा. रात्रभर झोपला नाही, ४.६ किलो उतरवून सकाळी ५६.९ ला काट्यावर उभा राहिला आणि कांस्य घेतलं. त्याच ऑलिम्पिकमध्ये विनेश ५० किलोच्या गटात फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमनं बाद. आता सांगा ताई, एका रात्रीत साडेचार किलो चरबी जाती का कुणाची? पाणीच ते. तुमचं दीड किलो म्हणजे काय घेऊन बसलाय.

ते रात्रीचं जेवण बंद करणं तेवढं बंद करा. वजनं उचलायची आणि उपाशी झोपायचं, दोन्ही एकदम चालत नाही.

---

पोहे_विथ_शेव

मी तर आठवड्यातून एकदाच, सोमवारी, वजन करतो. रोजची कटकटच नको.

---

मास्तर_निवृत्त

पोहेसाहेब, ताईंच्याच आकड्यांवर तुमची पद्धत लावून बघा. फक्त सोमवार धरला तर ७२.१ चे ७२.९, म्हणजे ८०० ग्रॅम वाढ. फक्त बुधवार धरला तर ७२.४ चे ७२.६, म्हणजे २०० ग्रॅम. बाई तीच, आठवडे तेच, उत्तरं दोन. त्यात सोमवार म्हणजे रविवारच्या मिसळीनंतरचा दिवस, तुम्ही स्वतःवर उगाच अन्याय करताय. एकदाच मोजायचं तर तो एक आकडा कुठे पडेल याचा नेम नाही.

रोज मोजा, पण रोज वाचू नका. रविवारी सातांची बेरीज करून सातने भागा. ताईंची पहिल्या आठवड्याची सरासरी ७१.८६ आणि दुसऱ्याची ७२.४३.

(ज्यांना रोजच्या आकड्याने दिवसभर चिडचिड होते, जेवणावरची वासना उडते, त्यांनी मात्र गवती चहाताईंचा मार्ग धरावा. तो काही चुकीचा नाही.)

---

नाशिकची_सावली

वही उघडली. आधीच्या आठवड्यांच्या सरासऱ्या काढल्या: ७४.३, ७३.९, ७३.६, ७२.७, ७२.२. पुढचे दोन मास्तरांनी काढलेच आहेत. मागची पाळी तिसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे ७३.६ वाल्या. बरोबर चार आठवडे.

७३.६ आणि ७२.४३. असं बघायचं का?

---

मास्तर_निवृत्त

असंच. चार आठवड्यांत १.१७ किलो. गुणिले ७७००, भागिले २८. रोजची साधारण सव्वातीनशे कॅलरींची तूट. सांगा बरं, चहातली साखर, एक भाकरी आणि पाऊण तासाचं चालणं मिळून एवढंच होईल ना? तुमचं शरीर वेगळं नाही. हिशेब चोख ठेवतंय.

---

पेचकस

सगळे पाण्यात उतरलेत, कुणी काट्याबद्दल विचारलंच नाही. डिजिटल आहे का? कुठे ठेवता? किती वाजता उभ्या राहता?

---

नाशिकची_सावली

डिजिटल, काचेचा. हॉलमध्ये, जुन्या घराची शहाबादी फरशी आहे. वेळ म्हणाल तर उठल्यावर, पण सुट्टीच्या दिवशी चहा झाल्यावर. त्याचं मोबाइल ॲप चरबीची टक्केवारीही दाखवतं. ती त्या मंगळवारी ३८ ची ३९.५ झाली होती, तेव्हा रडूच आलं होतं.

---

पेचकस

शहाबादीवर! ती कुठे सपाट असते? चारही पाय टेकत नसतील. गुळगुळीत टाइलवर ठेवा, कायम एकाच जागी. शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, एकाच प्रकारच्या कपड्यांत. चहाचा कप दीडशे ग्रॅमचा असतो आणि तो प्यायल्याबरोबर काट्यावर येतो.

टक्केवारीकडे बघू नका. तो काटा तळपायांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो आणि अडथळ्यावरून अंदाज बांधतो. अंगातलं पाणी बदललं, पाय ओले असले, की अंदाज हलतो.

आणि एक परीक्षा घ्या. तीनदा उभ्या राहून बघा काय येतं. मग अर्धा लिटर पाणी पिऊन पुन्हा.

---

नाशिकची_सावली

आज सोमवार, सकाळी सगळं केलं. आधी शहाबादीवर, पाच मिनिटांत तीन वेळा: ७२.०, ७१.४, ७२.३. आईशप्पथ. मग बाथरूमबाहेरच्या टाइलवर: ७१.७, ७१.७, ७१.७. म्हटलं, वा, झालं काम.

मग अर्धा लिटरची बाटली घटाघटा प्यायले, उभी राहिले. ७१.७! पाणी गेलं कुठे?

---

पेचकस

हा हा, याचीच वाट बघत होतो. काही डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात. नवं वजन त्याच्या जवळपास असलं की "तीच व्यक्ती" समजून जुनाच आकडा दाखवतात, म्हणजे गिऱ्हाईक खूश, काटा अचूक! तुमचे ते तीन सारखे आकडे त्यामुळेच सारखे असू शकतात. मधे काहीतरी वेगळ्याच वजनाचं ठेवा, मग उभ्या राहा.

---

नाशिकची_सावली

दहा किलो तांदळाची न फोडलेली पिशवी ठेवली. १०.० आलं. मग मी: ७२.२. सापडलं पाणी. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

---

कडुनिंब

छान. आता या धाग्यावर पुढे येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले आणि सोबत पायांवर सूज आहे, दाबलं की खड्डा पडतोय, आडवं झाल्यावर दम लागतोय, तर तिथे जिलबीचा हिशेब करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना आम्ही रोज वजन करायला सांगतो ते याचसाठी. तिथेही मोजायचं असतं ते पाणीच.

सावलीताई, वजनं उचलणं सोडू नका. सर बदलले तरी चालतील.

---

नाशिकची_सावली

बारा दिवसांनी परत येतेय. रात्रीची भाकरी परत सुरू केली. सर तेच आहेत, पण मी आता फक्त व्यायामाचं विचारते. मागच्या आठवड्याची सरासरी ७१.३ आली. आज सकाळी मात्र ७२.० दिसलं, काल रात्री घरी पावभाजी होती. वहीत लिहिलं आणि डबा भरायला गेले.

एक अडचण झाली. सासूबाईंनी ती तांदळाची पिशवी फोडून डब्यात ओतली, त्यामुळे काट्याला फसवायला आता लेकाचं दप्तर ठेवते. चौथीत आहे. दप्तर ६.३ किलो भरलं, आणि मधे दुसरं काही ठेवून पुन्हा बघितलं तरी तेवढंच. त्यावर वेगळा धागा काढते.