मदत हवी आहे: नावेतला बिल्ज पंप थांबतच नाही

राम राम भाऊ लोकं, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला चांगदेवकडे आमची लहान फायबरची नाव आहे, मासेमारीची. तळात साचणारं पाणी काढायला १२ व्होल्टचा पंप बसवलाय, फ्लोट स्विचवर चालणारा, म्हणजे पाणी वाढलं की फ्लोट तरंगून वर येतो नी पंप चालू होतो. आता होतंय असं की पंप पाणी फेकतो, बंद होतो, आणि लगेच परत चालू, असं रात्रभर चालतं नी सकाळी बॅटरी बसलेली. मला वाटतं पाइपात उरलेलं पाणीच उलटं खाली येतंय नी फ्लोट परत उचलतंय, कारण बाहेरून तर पाणी शिरत नाहीये, नाव काठावर ओढून बघितली.

तापी-पूर्णेचा गाळ तुम्हाला माहीतच आहे, पंपाची जाळी काढली की काळा चिखल नी शेवाळाचे दोरे निघतात, इम्पेलरलाही (पंपातला फिरणारा पंखा) गुंडाळलेले असतात. ते साफ केलंय. दुसरं म्हणजे बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवतो पण पंप चालू असताना त्याच्या वायरीवर १० च्या आसपास, आणि एका जॉइंटवर हिरवा थर आलाय. तो कापून नवीन तांब्याची वायर टाकणार आहे, जॉइंट पाण्याच्या वर घेऊन.

विचारायचं हे की पाइपात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा, टाकू का? इतक्या गाळात तो अडकला तर पंप चालू राहून पाणी बाहेरच जाणार नाही, त्याची भीती वाटते. का पाइप आखूड नी बारीक केला तर भागेल? नावेत माणसं बसतात भो, अंदाजाने काही करायचं नाहीये. उकाई धरणाच्या पाण्यात, नवापूरकडे नाव चालवणारे कोणी असतील तर नक्की सांगा.