डॅनिश लाकडी माकडाचा हात अडकलाय, सुताराकडं देऊ का?

मंगळवारपेठकर:
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. माझी आत्या बरीच वर्षं कोपनहेगनला होती, तिकडच्या जुन्या बाजारातनं घेतलेलं एक लाकडी माकड तिनं मला दिलंय. वीतभर उंच, हातपाय फिरतात, हात वर केला की कुठंही लटकतं. पावसाळा लागला आणि डावा खांदा एकदम जाम, पोटावर बुरशीची पांढरी झाक पण आली. ओळखीचा सुतार म्हणाला खांदा जरा कोरून सैल करतो, पॉलिश पेपर मारतो आणि टचवूड (चकचकीत वॉर्निश) देतो, सगळं एका रंगात चकाचक होईल. आई म्हणते नुसतं खोबरेल चोळ. काय करू? आत्याची आठवण आहे, वाटोळं व्हायला नको.

टिंबरमार्केट_लेथ:
ताई, आधी सुताराला थांबवा!! कोरायचं अजिबात नाही. पावसाळ्यात लाकूड हवेतलं पाणी ओढून फुगतं म्हणून खांदा धरलाय, आपल्या घराची दारं नाही का जुलैत चौकटीला घासत, तसंच. दसरा-दिवाळीला हवा कोरडी झाली की आपोआप सुटंल, आणि आत्ता कोरलं तर उन्हाळ्यात हात नुसता लोंबत राहील, मग लटकणार कसं? जोर लावून फिरवू पण नका.

आणि एका रंगात करायचं तर नावच काढू नका. गडद अंग आहे ते सागवान, आणि तोंड, पोट, पंजे फिक्कट आहेत ते लिंबा नावाचं आफ्रिकेतलं लाकूड. तो रंग दिलेला नाही, दोन लाकडांचाच आहे, त्या माकडाचा सगळा चेहरा त्यावरच उभा आहे. टचवूडनं वर काचेसारखा थर बसतो, हाताला लाकूड लागतच नाही.

बुरशी कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, मग किंचित ओलसर फडकं, लगेच कोरडं, आणि सावलीत फॅनखाली ठेवा. उन्हात नको, रंग बदलतो. खोबरेल पण नको, वास धरतं आणि चिकट होऊन धूळ ओढतं. लिंबाला कीड लवकर लागते, तेव्हा बारीक भोकं किंवा पिठासारखा भुसा दिसतोय का तेवढं बघत जा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली:
तळपाय बघितला का? हे काई बोयसेनचं माकड असणार, १९५१ चं डिझाईन. मूळचा चांदीकाम करणारा माणूस, नावाजलेला डॅनिश चांदीकारागीर जॉर्ज जेन्सनच्या हाताखाली शिकलेला. माकड काढलं ते लहान पोरांचे कपडे अडकवायची खुंटी म्हणून, म्हणून तर हात एवढे लांब आणि आकड्यासारखे! पायाखाली त्याच्या नावाचा ठसा असतो, पॉलिश पेपर मारला की तोच जाणार. नकला पण लई निघाल्यात, त्यामुळं ठसा दिसला तर आधी फोटो काढून ठेवा. त्याचंच १९५२ चं अस्वल, १९५३ चा हत्ती आणि १९५५ चा पाणघोडा आहे, पाणघोड्याच्या जबड्यात पेन्सिल बसते. मला सगळ्यात हत्ती आवडतो, सोंड वर करून उभा असतो, ओकचा, रंगाचा एक ठिपका नाही तरी जिवंत वाटतो.

टिंबरमार्केट_लेथ:
माझा जीव मात्र क्रिस्टियान वेदेल या दुसऱ्या डॅनिश डिझायनरच्या १९५९ च्या लाकडी पक्ष्यावर. धड आणि डोकं दोनच तुकडे, दोन्ही लेथवर कातलेले, डोकं नुसतं वर टेकवलेलं. जरा कलतं केलं की पक्षी खाली बघतो, वर केलं की आभाळाकडं, डिंक नाही खिळा नाही. मी स्वतः कातकाम करतो म्हणून सांगतो, ती डोक्याखालची गोलाई जुळवणं सोपं नाही, केसभर चुकली तर डोकं घसरतं. आपल्याकडं सावंतवाडीचे कातारी बघितल्यात का? तिथली लाकडी फळं बघून पोरगं चावायला जातं. हात तेवढाच तयार आहे, फक्त तिथं रंग बोलतो आणि इथं लाकडाच्या रेषा.

मंगळवारपेठकर:
खूप खूप आभार, सुताराला फोन करून नको म्हटलं. आत्ता भिंगातनं बघितलं, डाव्या तळपायावर पुसट अक्षरं आहेत, सुरुवातीचा के स्पष्ट वाचता येतोय!! बुरशी पुसली, पोट स्वच्छ निघालं. भोकं नाहीत. उजव्या हातावर पडद्याच्या दांड्याला लटकवलंय, डावा दिवाळीत बघू. रात्री आत्याला व्हिडिओ कॉल करते.