गहू 'हायब्रीड' आणि राय 'शुद्ध'? कुणी सांगितलं?

छत्रीबागकर
काल आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर एका ताईंनी टाकलं की आजचा गहू हायब्रीड आहे, विष आहे. युरोपातले लोक हजारो वर्षं शुद्ध राय (rye, गव्हासारखंच एक धान्य) खातात, म्हणून मी पोळी सोडून रायचा ब्रेड धरलाय. खाली अंगठ्यांची रांग. मला रात्रभर झोप नाही.

आमची देपालपूरला शेती आहे. गव्हाचं परागीकरण फुलातल्या फुलातच होतं. कोठीतलं बी पुढच्या वर्षी पेरलं की तोच गहू उगवतो. याला हायब्रीड म्हणत नाहीत. उलट रायचा पराग वाऱ्यावर उडतो, आणि जर्मनीत १९८४ पासून रायच्या खऱ्याखुऱ्या हायब्रीड जाती आहेत, ज्यांचं बी दरवर्षी नवीन घ्यावं लागतं.

आणि 'शुद्ध प्राचीन' म्हणाल, तर राय हे मुळात गहू-जवाच्या शेतातलं तण. पश्चिम आशियातले शेतकरी बी चाळायचे, तेव्हा गव्हासारखा दिसणारा रायचा दाणा चाळणीतून निसटायचा. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पुढे थंड, हलक्या जमिनीत गहू मेला आणि तण तगलं. वाविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने हे शंभर वर्षांपूर्वीच सांगितलंय. भाडेकरू घरमालक झाला, एवढीच रायची खानदानी.

सुदामानगरची सून
दादा, नाव न घेता माझ्यावरच लिहिलंत, तर मीच उत्तर देते. तण असो नाहीतर काही असो, माझी जेवणानंतरची शुगर उतरली. तुमचा वाविलोव्ह येणार होता का माझं बोट टोचायला? चार पोळ्या खाऊनही तासाभराने काहीतरी तोंडात टाकावंसं वाटायचं. या ब्रेडच्या दोन कापांत दुपार निघते.

मंडीवाला नाना
ताई, राय वाईट नाही. तंतू भरपूर असतात, पोट भरलेलं राहतं. पण पाकिटाची मागची बाजू वाचलीत का? काळा रंग बघून भुलू नका.

ता. क. सियागंजात एका गृहस्थांनी 'राईचं पीठ' मागितलं. दुकानदार म्हणाला, भिया, लोणच्याला ना? दोन किलो मोहरीची डाळ बांधून दिली!

पुण्याहून इंदूरला
मोहरीला राई म्हटल्यावर दुसरं काय होणार? आणि गव्हाचंच म्हणाल तर तुमच्या त्या मालवी गव्हाची पोळी दोन तासांत चामडं होते. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, सासूबाईंना अजून हे पटलेलं नाही. आमचं लोकवनच बरं.

मंडीवाला नाना
वहिनी, 'आमचं' लोकवन म्हणजे लोक-१, गुजरातच्या सणोसऱ्याचं, लोकभारती संस्थेतलं. पुण्याचं त्यात काय?

आणि मालवी हा पोळीचा गहू नव्हेच! तो कठिया, म्हणजे कडक दाण्याचा ड्युरम गहू, २८ गुणसूत्रांचा. पोळीचा गहू ४२ चा. कठियाचा रवा पडतो, पीठ नाही. आमची आजी पोतं उघडलं की आधी एक दाणा दाढेखाली धरायची. 'कट्' वाजला पाहिजे आणि आतून काचेसारखा दिसला पाहिजे. पांढरट डाग दिसला की पोतं परत. बाफला, म्हणजे आपला माळव्यातला कणकेचा गोळा, आधी उकळत्या पाण्यात सोडतात, वर तरंगला की काढून गोवऱ्यांवर भाजतात. त्यात तुमचं लोकवन घाला, पातेल्यात लापशी होईल.

पुण्याहून इंदूरला
मग सासूबाईंना सांगा ना हे! मला कशाला झापताय?

महूचा मुकुंद
खरी पोळी शरबती गव्हाची. बाकी सगळं झूट. सिहोरच्या शरबतीला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, उगीच नाही.

छत्रीबागकर
मुकुंदा, जीआय सिहोरला मिळाला, तुझ्या पोत्याला नाही. मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याने मला 'अस्सल सिहोर' म्हणून जे विकलं, ते माझ्याच शेजाऱ्याच्या शेतातलं निघालं. पोत्याच्या तोंडाची सुतळी मी ओळखली!

शरबती म्हणून विकला जातो तो बराचसा सी-३०६, म्हणजे १९६५ चं वाण. कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथनांचा शरबती सोनोरा आणखी निराळा. लाल दाण्याच्या मेक्सिकन सोनोरा-६४ गव्हावर गॅमा किरणं सोडून दाणा पिवळसर केला होता. ताई, हे वाचून घाबरू नका, त्यात विष नव्हतं.

सांवेर रोड
सगळे दाण्यावर भांडताय, मातीचं कुणी बोलत नाही. जुना मालवी काळ्या मातीच्या ओलीवर यायचा, पाणी न देता. आज मालवी म्हणून मिळतो तो बहुतेक आपल्याच गहू संशोधन केंद्राचा, एचआय ८४९८ नाहीतर ८७५९. उतारा चांगला, पण पाणी मागतो. माझी बोअर दोनदा आटली.

आणि नरवाई, म्हणजे कापणीनंतरची धसकटं जाळणं! कापणी झाली की सगळीकडे धूर. याच इंदूरला १९२४ ते ३१ अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शेतीशास्त्रज्ञ होता. काडीकचरा, शेण कुजवून खत करायची 'इंदूर पद्धत' त्याने इथेच बसवली. जगभर इंदूरचं नाव घेतात आणि आपण काडी ओढतो. मीही ओढली एक वर्ष. मजूर मिळाले नाहीत. बोला आता.

सुदामानगरची सून
माझ्या ब्रेडवरून सुरू झालं आणि धुरापर्यंत पोचलात!

महूचा मुकुंद
ताई, एक मात्र गंभीरपणे. माझ्या पुतण्याला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार. 'गहू नाही यात' म्हणून एका पार्टीत कुणी तरी रायची बिस्किटं दिली. पोर चार दिवस आडवं. रायही त्याला चालत नाही, जवही नाही. 'गहू विष, राय अमृत' असलं लिहिताना जरा विचार करा.

सुदामानगरची सून
हे माहीत नव्हतं. ती ओळ काढते. बाकीची पोस्ट राहील.

आणि नाना, पाकीट वाचलं. पहिला मैदा, मग पाणी, मग राय. झालं समाधान?

छत्रीबागकर
पूर्ण नाही. पंजाबात १९९५ साली पीबीडब्ल्यू ३४३ हा गहू आला आणि वर्षानुवर्षं तिकडे तोच पेरला गेला. त्याच्या एका गुणसूत्रात रायचा तुकडा जोडलेला आहे, तांबेरा रोगाशी झुंजायला. म्हणजे ज्या गव्हाला विष म्हणालात त्यातच तुमची राय.

सुदामानगरची सून
वा! मी खाल्ली तर खूळ, तुम्ही गव्हातून खाल्ली तर शास्त्र!

पाकीट संपवते, साडेतीनशे रुपये मोजलेत. नाना, रविवारी पाहुणे आहेत, मालवी पाच किलो ठेवा. जाडसर दळून.

पुण्याहून इंदूरला
नाना, लोकवन आहे का?

मंडीवाला नाना
आहे. सासूबाईंना सांगू नका.