बर्थ मोरिसोचा ‘हिवाळा’: मोठं चित्र की नुसती फॅशन?

रंगरेषा:
1880 साली पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्टांच्या, म्हणजे मोकळ्या फटकाऱ्यांत क्षणाचा उजेड पकडणाऱ्या चित्रकारांच्या, पाचव्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार बर्थ मोरिसोने दोन तरुणी मांडल्या, ‘उन्हाळा’ आणि ‘हिवाळा’. पहिली आज फ्रान्समध्ये माँपेलिएला आहे, दुसरी अमेरिकेत डॅलसच्या संग्रहालयात. ऋतूंना बाईच्या रूपात दाखवायची युरोपात जुनी चाल: वसंताच्या हाती फुलं, शरदाकडे द्राक्षं, अंगावर पुराणातली वस्त्रं. मोरिसोचा हिवाळा मात्र रस्त्यात भेटेल अशी पॅरिसकर बाई आहे. टोपी, जाड कोट, फरच्या मफमध्ये, म्हणजे हात उबदार ठेवायच्या नळकांड्यात, खुपसलेले हात. कोटावरचे फटकारे मागच्या हवेत असे मिसळतात की कापड कुठे संपलं ते सांगता येत नाही. थंडी आहे ती त्या फटकाऱ्यांत. माझ्या मते हे तिचं सगळ्यात धीट काम. तरी तिला ‘बायकामुलांची नाजूक चित्रकार’ म्हणून बाजूला सारतात, याचा मला मनापासून राग येतो.

रोखठोक:
असहमत. त्याच काळात तिच्याच गटातला कायबॉत लाकडी जमीन तासणारे मजूर रंगवत होता, देगा इस्त्रीवाल्या बायका. मोरिसो सुखवस्तू घरातली, पुढे नामांकित चित्रकार एदुआर मानेच्या भावाची बायको. चित्र विकलं नाही तरी चूल पेटणार होती. म्हणून तिच्याकडे छान कपड्यातल्या बायका सोडून फार काही नाही. आज तिचा उदोउदो होतो तो ती बाई होती म्हणून.

पागोळी:
पैशानेच सगळं होत असेल तर तिची बहीण एद्मा बघा. घर तेच, दोघी निसर्गचित्रकार कोरोकडे शिकल्या, 1864 च्या सलाँमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनात, दोघींची चित्रं लागली. 1869 मध्ये लग्न झालं आणि एद्माची चित्रकला जवळपास सुटलीच. बोझारची सरकारी कलाशाळा मुलींना 1897 पर्यंत बंद. माने-देगा ज्या कॅफेत तासन्‌तास वाद घालायचे, तिथे बर्थच्या घरातल्या बाईने बसायचं नाही. तरी आठपैकी सात इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत ती होती. 1879 चं चुकलं, कारण आदल्या नोव्हेंबरात मुलगी झाली होती. आणि लगेच पुढच्या वर्षी हे दोन ऋतू!

रोखठोक:
एद्माचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण बंधनं होती म्हणून चित्र मोठं होत नाही. मानेचा 1881 चा ‘वसंत’ शेजारी ठेवा. चेहरा, छत्री, पानं, सगळं ठसठशीत. त्यापुढे हा ‘हिवाळा’ अर्धवट सोडल्यासारखा वाटतो.

रंगरेषा:
ठेवूच शेजारी. मानेने ऋतू हाती घेतले ते नंतर; मोरिसोचे आधीच भिंतीवर लागले होते. आणि ‘अर्धवट’ म्हणाल तर 1870 ची गोष्ट आठवा. तिने आई आणि बहिणीचं चित्र सलाँसाठी केलं होतं. माने मदतीला म्हणून आला, झग्यापासून सुरुवात करून थेट डोक्यापर्यंत स्वतःचा कुंचला फिरवत गेला. तिला ते फार लागलं. त्यानंतर दहा वर्षांनी ‘हिवाळ्या’तला कोट तिने मोकळा सोडलाय, तो पुरा करता येत नव्हता म्हणून नाही. कुठे थांबायचं ते या वेळी तिने ठरवलं.